दार लावून विचारलेला प्रश्न

रिचमंड, १२ मार्च १७८७

चि. सौ. उर्सुला हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली डुकराची धुरावलेली मांडी पोचली. तुझी वहिनी म्हणते, इतकं खारट फक्त तुझ्याच हातचं असतं, आणि पुन्हा वाढून घेते.

आता कामाचं. तुझे यजमान नॅथॅनिएल भेटले होते. तुझ्या खाडीकाठच्या जमिनीला गिऱ्हाईक मिळालं आहे. ती विकून सगळ्यांनी पश्चिमेच्या नव्या मुलखात, केंटकीला जायचं त्यांनी पक्कं केलं आहे. जमीन वडिलांनी तुझ्या नावे ठेवलेली, म्हणून कायद्याने तुझा होकार लागतो. ईस्टर झाला की दोन न्यायाधीश घरी येतील. नवऱ्याला बाहेर पाठवून तुला एकटीला विचारतील की राजीखुशीने सही करतेस, की कुणाचा धाक आहे. तू फक्त हो म्हण. आईने तर एकदा पिठाच्या हातांनीच सही केली होती. रिवाज आहे तो, त्यात डोकं घालू नकोस. तुझं डोकं मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून आधीच लिहितो.

मुलींना गोड पापा. थोरल्या भावावर माया असू दे.

तुझा, थिओडोरिक


हिकरी हिल, २० एप्रिल १७८७

ति. दादा यांस उर्सुलाचा सा. न. वि. वि.

मी नाही म्हटलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हेच सगळ्यांत आधी लिहिलं.

दोघे न्यायाधीश आले, भरपेट जेवले. मग यांना परसात पाठवून बैठकीचं दार लावून घेतलं. थोरल्यांनी जांभई देत देतच प्रश्न विचारला. मी म्हटलं, आधी कागद वाचते. दादा, कागदावर माझं उत्तर आधीच लिहून आणलेलं होतं! उर्सुलाबाईंनी नवऱ्याच्या गैरहजेरीत राजीखुशीने होकार दिला, असं सुवाच्य अक्षरात, शाईसुद्धा वाळलेली. मी कधी दिला, असं विचारलं, तर म्हणाले की कारकून कचेरीतच लिहून ठेवतो, आजवर कुठली बाई नाही म्हणालेली नाही, तेवढाच वेळ वाचतो. खरं सांगते, तोवर माझं मन हो म्हणण्याकडेच झुकलं होतं. ते वाचलं आणि तिडीक उठली. मी नाही म्हटल्यावर ते लिहायला त्यांच्याकडे कोरा कागदही नव्हता.

या घरात ताटवाट्या यांच्या, घोडा यांचा, माझ्या अंगावरचे कपडेही कायद्याने यांचेच. तेवढी जमीन माझी आहे आणि ती माझ्या मुलींना जायची आहे. तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. घर छान शांत आहे.

वहिनींना नमस्कार. रागावलात तरी पत्र पाठवा.

आपली, उर्सुला


रिचमंड, ४ मे १७८७

चि. सौ. उर्सुला हिस आशीर्वाद, या खेपेला एकच.

तुझ्या पत्राआधीच तुझी कीर्ती मला न्हाव्याकडे ऐकावी लागली. न्यायाधीश ती गोष्ट प्रत्येक पंगतीत सांगतात. तुझी वहिनी पोट धरून हसली, आणि मग तिने विचारलं की तिच्या माहेरची गिरणीची जमीन मी विकली तेव्हा तिला कुणी विचारलेलं तिला कसं आठवत नाही. मलाही आठवत नाही. त्या दिवसापासून माझ्याही घरात शांतता आहे.

पण नॅथॅनिएलचा निरोप गमतीचा नाही. जूनमध्ये न्यायाधीश कोरा कागद घेऊन पुन्हा येतील. तू अडून बसलीस तर नॅथॅनिएल एकटेच केंटकीला जाणार आणि स्वयंपाकाला हेगरला घेऊन जाणार. ती गुलाम कायद्याने त्यांची, तिथे तुझी सही लागत नाही. तिचा नवरा शेजारच्या मळ्यावरचा, तो इथेच राहील. विचार कर.

तुझा कंटाळलेला, थिओडोरिक


हिकरी हिल, १५ मे १७८७

ति. दादा यांस सा. न. वि. वि.

विचार केला. आधी हेगरला सगळं सांगितलं, जणू माझी सही म्हणजे तिच्यावर मोठे उपकारच. ती पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली की बाईसाहेब, तुम्ही सही केलीत तरी मी केंटकीला, नाही केलीत तरी मी केंटकीलाच. माझा नवरा सॅम दोन्हीकडून इथेच राहणार. तुम्हाला विचारायला दोन-दोन माणसं घोड्यावरून येतात, मला विचारायला कोण येतंय? मला फार लाज वाटली. इतकी वर्षं तिच्या हातचं खाल्लं, पण तिला काही विचारावं हे मलाही कधी सुचलं नव्हतं.

तेव्हा न्यायाधीशांना कळवा की जूनमध्ये जरूर यावं, जेवणाची सोय आहे. त्याच बैठकीत, यांना परसात पाठवून, दार लावून, आधी हेगरला विचारावं की ती राजीखुशीने जाते, की कुणाचा धाक आहे. ती हो म्हणाली तर त्याच क्षणी मी सही करते. मात्र तिचं उत्तर कचेरीतून लिहून आणू नये.

माझी ही अट ऐकून हे महिन्यात पहिल्यांदा बोलले. माझं डोकं फिरलंय म्हणाले. तसं असेल तर फिरूनच जागेवर आलं असावं.

लोभ ठेवावा, त्याला तरी माझा होकार लागत नाही.

आपली, उर्सुला