लाल पागोट्याचे मामा, तुम्ही पाणी आणा

आत्याबाई, तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं होत आली. तुम्ही होतात तेव्हा सासूपुढे मान वर करून बोलायची माझी छाती नव्हती आणि आता तोंड सुटलंय तर ऐकायला तुम्ही नाही. मागच्या आठवड्यात बुलढाण्याच्या एसटी स्टँडवर मी एक पराक्रम केला. हो, पराक्रमच म्हणते. घरात सगळ्यांना दोन-दोनदा सांगून झाला, नातसून तर आता मी तोंड उघडलं की हसतेच. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. "लय झालं वं तुह्यं कवतिक," असं तुम्ही म्हणाला असता, हे मला ठाऊक आहे. म्हणा. पण त्या पराक्रमाचं मूळ धाडच्या बाजारातल्या एका दुपारीत आहे आणि त्या दुपारची एक गोष्ट मी तुम्हाला कधीच सांगितलेली नाही. म्हणून आधी ती दुपार.

मराठी माणसांचं नवं राज्य होऊन वर्ष-दोन वर्षंच झाली असतील. शाळेत वाटलेल्या साखरेची चव पोरं अजून सांगायची. मी जळगाव जामोदहून सून म्हणून आले होते, सातवी पास, आणि त्याचा मला नको तेवढा तोरा होता. आपला मळा, भाजीचं माळवं, आठवड्याला धाडचा बाजार. पहिल्याच बाजाराला तुम्ही मला शेजारी बसवलंत आणि ओरडायला सांगितलंत. मी आपली शाळेतल्या प्रार्थनेसारखी "ताजी मेथी, ताजी मेथी" म्हणत राहिले. एक गिऱ्हाईक वळलं नाही. तुम्ही घटकाभर ऐकून घेतलंत आणि मग म्हणालात, "सगळ्याइले हाका मारून राह्यली तू, म्हनून कोनीच येऊन नाई राह्यलं. जो तो समजते दुसऱ्याले बलावते. एकाले धर. त्याच्या आंगावरचं पाह्य अन् त्यालेच बोल." आणि लगेच करून दाखवलंत. "ओ हिरव्या लुगड्याच्या बाई! हो, तुमालेच म्हन्ते. हे वांगे पाहून तं जा." ती बाई सरळ पुढे चालली होती, ती अशी थबकली की जणू कोणी पदर धरला. वांगी घेऊनच गेली. दोन-तीन बाजारांत मलाही ते जमायला लागलं. टोपी, चष्मा, हातातली पिशवी, कडेवरचं लेकरू, ज्याचं जे दिसेल त्यावरून हाक मारायची. मला त्यात फार मजा यायची.

चैत्राचे दिवस होते. चैत्राच्या पुनवेला तुमच्या अंगात यायचं, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. केस मोकळे सोडून तुम्ही घुमायचात आणि सारं गाव पायाशी लोळण घ्यायचं. मी पण पाया पडायचे, पण खरं सांगते, माझा विश्वास नव्हता. सातवीच्या पुस्तकात शरीराचा धडा होता आणि मला वाटायचं की मला सगळं कळतं. तुमच्याकडे बघून मी मनातल्या मनात हसायचे सुद्धा. हेही आज पहिल्यांदाच सांगते आहे.

त्या दिवशी बाजार भर उन्हात पेटल्यासारखा झाला होता. डोक्यावरचं कापडाचं पाल नुसतं नावाला, खालची माती तव्यासारखी. मेथी-कोथिंबिरीवर टाकलेलं ओलं पोतं तासाभरात वाळायचं, म्हणून तुम्ही ते पुन्हा पुन्हा भिजवायला लावायचात. तुम्ही कांद्याचं बी बघायला बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेला होतात आणि दुकानावर मी एकटी होते. आपल्या पालासमोरून एक बाई गेली. पंचविशीची असेल, डोक्यावर गाठोडं, कपाळावर घामानं पसरलेलं मोठं कुंकू. चार पावलं पुढे गेली, डुलली, गाठोडं पडलं, केस सुटले आणि ती खाली कोसळली. हातपाय झटकायला लागली, दात आवळलेले, डोळे वर. कोणीतरी ओरडलं, "आंगात आलं! आंगात आलं!" आणि सगळा बाजार मागे सरकला. चैत्रच तो. देवी अंगात आलेल्या बाईला हात लावायचा नसतो, ती आपली आपण शांत होईपर्यंत थांबायचं असतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बघता बघता मोठं रिंगण झालं. एकानं लिंबू आणून टाकलं, दुसरीनं हळदकुंकवाची चिमूट. एक म्हातारी लांबूनच हात जोडून विचारत होती, "माय, माह्या नातीचं लगन जमंन का वं औंदा?"

ती बाई मरत होती, आत्याबाई, आणि आम्ही तिला लग्नाचे मुहूर्त विचारत होतो. शंभर-दीडशे माणसं. त्यांतलं एकही वाईट नव्हतं. त्याच माणसांनी आदल्या वर्षी कोणाची कडब्याची गंजी पेटली तेव्हा घरची भांडी घेऊन धावत जाऊन विझवली होती. पण इथं ती बाई कोणाची कोण, कुठल्या गावची, कुठल्या घरची हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि देवीचं नाव निघाल्यावर प्रत्येकाला हात जोडून उभं राहायची मुभाच मिळाली. मीही हात जोडून उभी होते. सातवी पास.

मग रिंगण फाटलं आणि तुम्ही आत आलात. बियाची पुरचुंडी अजून मुठीत होती. तुम्ही एकदा तिच्याकडे पाहिलंत, वाकून तिच्या कपाळाला हात लावलात आणि चटका बसल्यासारखा मागे घेतलात. एक म्हातारा भगत पुढे झाला. "हात नोको लावू माय, कोप होईन." तुम्ही सरळ उभ्या राहिलात. तुमचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. "बाबा, माह्या आंगात येते तीस साल झाले. देवी आली तं मले नाई कयनार? हे देवी नाई, हे ऊन हाय! अन् कोप झाला तं माह्यावर होऊ द्या." म्हातारा मागे सरला. पण लोक जागचे हलले नाहीत. सगळ्यांना पटलं होतं आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

तेव्हा तुम्ही जे केलंत ते बाजारातल्या बाईलाच सुचलं असतं. तुम्ही गर्दीला एक शब्द बोलला नाहीत. तुम्ही बोट रोखलंत. "लाल पागोट्याचे मामा! हो, तुमीच. हाटेलातून दोन बादल्या पानी आना. पया!" मामा खरंच पळाले, धोतर सावरत, वयाची साठी उलटलेली असून. "छत्रीवाले गुरुजी, छत्री हिच्या तोंडावर धरा. ओ बांगडीवाली, हिचे पाय धर अन् सावलीत घे, मी डोक्षाकडून धरते. काया टोपीवाले, तुमी हे लोकं मांगं हटवा, वारा येऊ द्या." एकेक माणूस त्या रिंगणातून असा सुटा होत गेला आणि ज्याला त्याला काम मिळालं. घटकेपूर्वी हात जोडून उभी असलेली म्हातारी पदरानं वारा घालत होती, नातीचं लग्न विसरून. आणि मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू! शिकेल सुनबाई! पोतं आन." मी मेथीवरचं ओलं पोतं ओढलं. तुम्ही ते तिच्या अंगावर टाकलंत, मामांची अख्खी बादली त्यावर ओतलीत, मग दुसरी. आपली सगळी पालेभाजी उन्हात उघडी पडली आणि दिवस मावळायच्या आत तिच्या दोऱ्या झाल्या. तुम्ही तिकडे ढुंकून पाहिलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. झटके थांबले. तिनं डोळे उघडले, तुम्ही आपल्याच तांब्यातून तिच्या ओठांना थेंब थेंब पाणी लावत होतात. कोणत्या घरची, हे तुम्ही तिला पाणी पाजून झाल्यावर सुद्धा विचारलं नाहीत. ती पहिलं काय म्हणाली आठवतं? "माह्यं गठुडं कोटी हाय?" सगळा बाजार हसला. असा हसला की पलीकडच्या गुरांच्या बाजारातले लोक बघायला आले. लाल पागोट्याचे मामा तर जणू त्यांनीच विहीर खोदून पाणी काढलं अशा थाटात जो भेटेल त्याला सांगत सुटले. मला आयुष्यात इतका आनंद फार थोड्या वेळा झाला. लोक तुमच्या पाया पडायला लागले तर तुम्ही खेकसलात, "आता पाया पडून राह्यले, मंघाशी काय झालतं?"

संध्याकाळी बैलगाडीत बसून परत येताना तुम्ही मला विचारलंत, "तू तं शिकेल हायेस ना वं? मंग हात जोडून काऊन उभी होती?" मी रिकाम्या टोपल्या एकीत एक घालत बसले. मग रस्त्याकडे बघत तुम्ही आणखी एक विचारलंत. "आंगात आलं, असं पह्यले कोन म्हन्लं?" मी म्हणाले, "माहीत नाही." तुम्ही "हं" म्हणालात आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत.

ती बाई महिन्याभरानं परत आली, ते तुम्हाला आठवत असेलच. बीबी गावाकडची होती, माहेरी चालली होती, सकाळपासून उपाशी. एवढ्या लांबून एसटीत मांडीवर एक नवा कोरा माठ घेऊन आली होती. कंडक्टर म्हणे तिला सारखा विचारत होता की बाई, याचं तिकीट कोण काढणार. तिनं तुमच्या पायावर डोकं ठेवलं. पण माठ तुमच्यापुढे नाही ठेवला. तो तिनं माझ्यापुढे ठेवला, नीट, मातीत बूड फिरवून बसवून, आणि माझ्याकडे बघून हसली. तुम्ही कौतुकानं म्हणालात, "घे वं, तुले देल्ला तिनं." तेव्हापासून आपल्या दुकानापुढे पाण्याचा माठ आहे. ते फुटतात, नवे येतात. आजही आहे.

आता माझा पराक्रम. मागच्या आठवड्यात भर दुपारी स्टँडवर एक माणूस फलाटाच्या कडेला पडला होता, तोंड मातीत. चांगली पन्नासेक माणसं उभी होती. "पिऊन पडला असंन," एकजण म्हणाला आणि बाकीच्यांच्या माना हलल्या. देवी नाही तर दारू. काहीतरी नाव दिलं की पाय हलवायला नको, हे मी तुमच्या बाजारात शिकले आहे. मी गुडघे धरत खाली बसले, तोंडाजवळ वास घेतला. दारूचा मागमूस नाही, अंग घामानं थंडगार, साखर उतरल्यावर होतं तसं. गुडघे दुखत होते पण आवाज तुमचा निघाला, आत्याबाई, अगदी तुमचा! "ओ निळ्या शर्टाचे भाऊ! हो, तुमीच, मांगं नका पाहू. याले उताना करा. कंडक्टर साहेब, दवाखान्यात फोन लावा. ओ चष्म्याच्या मॅडम, पर्समंदी गोड काय हाय?" मॅडमकडे लेकराच्या गोळ्या निघाल्या. त्याच्या खिशात साखरेच्या आजाराचा कागद सापडला. पाण्यात गोळी विरघळवून बोटानं हिरड्यांना लावली, जशी तुम्ही लावली असती. दहा मिनिटांत तो डोळे किलकिले करून म्हणाला, "माझी मेहकरची गाडी गेली काय?" अख्खा स्टँड हसला! तेच हसू, आत्याबाई, तेच. दवाखान्याची गाडी त्याला घेऊन गेली, तेव्हा तो मला हात करत होता. माझी बस कंडक्टरनं थांबवून ठेवली होती आणि निळ्या शर्टाच्या पोरानं मला खिडकीची जागा दिली. मी राणीसारखी बसून आले. वाटेत त्या पोराला विचारलं, बाळा, तू आधी का नाही गेलास? तो खरं बोलला. म्हणाला, "आजी, वाटलं कोनी तरी जाईन." मी त्याला रागावले नाही, कारण मला त्या वयाची मी दिसत होते.

बसमध्ये बसल्यापासून हे पत्र मनात लिहीत होते. कुठे पाठवणार? लिहून झालं की माठाखालच्या चुंबळीत घालीन. ओलं होऊन जाईल, जाऊ दे. फक्त पहिल्यांदा कोण ओरडलं, हे तुम्ही बैलगाडीत विचारलं होतं, त्याचं खरं उत्तर द्यायचं राहिलंय. ती बाई पडायच्या आधी आपल्या पालापुढे थांबली होती. माझ्याकडे पाणी मागितलं होतं तिनं. तांब्या माझ्या गुडघ्याशी होता, भरलेला, आणि मी कोणाला तरी मेथीची जुडी देत होते. "थांबा जरा, गिऱ्हाईक आहे," असं म्हणाले मी. ती थांबली नाही, पुढे गेली आणि पडली. मी घाबरले, आत्याबाई. ते माझ्यामुळे झालं असं कोणी म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात आलं. देवीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी "आंगात आलं" असं पहिल्यांदा ओरडले ती मीच.