डबा हरवला नव्हता

९ फेब्रुवारी, रविवार

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. तुम्ही तिघं सुखरूप पोचलात हे तुझ्या बायकोकडून कळलं. माझं बरं चाललंय. गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. कामावर गर्दी आहे, या आठवड्यात अकरा कवळ्या करून दिल्या. साहेब म्हणाले, "बाई, इथे दिवसभर दात बसवता, घरी जाऊन ठोकळे बसवता, कंटाळा नाही येत?" म्हटलं, "दात दुसऱ्याच्या तोंडात जातात, साहेब. ठोकळे माझ्याकडे राहतात."

तुम्ही गेल्यावर ठोकळ्यांचा पूल पुरा केला. तू बसवलेली कमान तशीच ठेवलीय, जरा तिरकी आहे तरी. तुझ्या लेकीनं विचारलं ना, "आत्या, तू एवढी मोठी होऊन खेळतेस?" तेव्हा मी ओशाळले होते. पण तू सरळ फतकल मारून खाली बसलास. चार तास! एवढाली दोन घोडी, जेवणाचंसुद्धा भान नाही. आणि मग तू म्हणालास, "ताई, तुला हे आवडतं हे मला ठाऊकच नव्हतं. लहानपणी तर तू ठोकळ्यांकडे ढुंकूनही बघायची नाहीस."

मी चहा टाकायला उठले. चहा कोणी मागितला नव्हता.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तुला प्रत्येक वाक्य दोनदा ओरडून सांगावं लागतं, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

स्वयंपाकघरात मला सगळं ऐकू येत होतं. तू लेकीला सांगत होतास, "तुझा बाप असा वेंधळा! वाढदिवसाला बाबांनी डबाभर ठोकळे आणले, आठवडाभरात हरवून बसलो. वर खोटं बोललो, मी कुठे नेलेच नाहीत म्हणून. मग खाल्ली एक सणसणीत." ती खिदळली. तूही हसलास.

नऊ वर्षांचा होतास तेव्हा रडून रडून सांगत होतास की डबा तू नेला नाहीस. आता तुलाच ते खरं वाटेनासं झालंय.

डबा हरवला नव्हता, बारक्या. मी घेतला होता.

बाबांनी तो तुझ्या हातात दिला तेव्हा मी शेजारीच होते. एक ठोकळा उचलला, तर म्हणाले, "ठेव तो. तुझं काय काम त्यात?" दुसऱ्या दिवशी मी डबा मागच्या जिन्याखाली नेला, मोडक्या खुर्च्या टाकायचे तिथे. तू बाहेर हुंदडायला गेलास की मी आत शिरायची. नऊ दिवस. एक घर केलं, दोन खोल्यांचं, खिडकी होती त्याला. ठोकळा ठोकळ्यावर बसताना टक् करून बारीक आवाज येतो ना, तो ऐकला की पोटात आनंद मावत नसे. परत ठेवणारच होते. उद्या ठेवू, परवा ठेवू, असं चाललं होतं. डबा सापडत नाही हे तूही बाबांच्या धाकानं बोलला नव्हतास.

दहाव्या दिवशी बाबांना डब्याची आठवण झाली. मी दारात उभी होते. त्यांनी विचारलं, तू "मी नाही नेला" म्हणालास. त्यांनी पुन्हा विचारलं. दोन प्रश्नांच्या मध्ये वेळ होता, मी बोलू शकले असते. फार तर ती थप्पड माझ्या कानाखाली बसली असती. तेवढ्याला मी भ्याले. तू भिंतीवर आपटलास आणि तुझ्या डाव्या कानातून रक्ताचा ओघळ आला.

मला कोणी विचारलंच नाही. मुलीला ठोकळे कशाला हवेत!

डबा परत आणायची छाती झाली नाही. रोज शाळेत जाताना मूठ-मूठ ठोकळे गटारात टाकत गेले. महिना लागला. पुढे तुला वर्गात ऐकू येईना आणि मास्तर तुला ढ म्हणायला लागले, तेव्हा मी तुझा अभ्यास घ्यायची. सगळे म्हणायचे, बहीण असावी तर अशी. मी ऐकून घ्यायची.

सेहेचाळिसाव्या वर्षी पहिला संच विकत घेतला. दुकानदाराला सांगितलं, भाचीसाठी हवाय. घरी येऊन दार लावून बसले. वाटलं होतं, हातात धरवणार नाहीत. पण आनंद अगदी तोच निघाला, जराही कमी नाही. त्याची लाज वाटते, आणि तरी मी रोज बसते. हेही तुला कळायला हवं.

माफ कर म्हणायला तोंड नाही. एवढंच कर, लेकीला जवळ बसवून सांग की त्या दिवशी तिचा बाप खरं बोलत होता. तुला जमत नसेल तर हे पत्रच तिच्या हातात दे. मग ती माझ्याकडे आली नाही तरी मी समजेन.

धाकट्याच्या पाया पडू नये म्हणतात. मी पडते.

ताई