हनुवटीची पट्टी

मालेगाव, ८ डिसेंबर १९७४

आलो एकदाचा. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून हजर झालो आणि संध्याकाळपर्यंत खोलीही मिळाली. घरमालकीण पानाबाई जैन, विधवा, एकट्याच राहतात. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, एवढीच त्यांची अट. त्यांच्या हातची दाल-बाटी खाल्ल्यावर मी ती आनंदाने कबूल केली. मागच्या गावी घरमालकाने घोरण्यापायी मला बाहेर काढलं होतं, ते मात्र सांगितलं नाही. झोपेत माझा श्वासही मधूनच अडतो. घरी बायको कोपराने ढोसते आणि गाडी पुन्हा सुरू होते. इथे ढोसायला कोणी नाही, तेवढीच काळजी.

११ डिसेंबर

माझं घोरणं काय लपून राहणार? पण पानाबाई रागावल्या नाहीत, हसल्या. त्यांचे यजमान गुलाबचंदही असेच घोरत म्हणे. त्यांनी जुन्या लुगड्याची मऊ पट्टी फाडून दिली. ती हनुवटीखालून घ्यायची, आत दोन बोटं जातील इतकी सैल ठेवायची आणि कानाजवळ सुरगाठ मारायची, म्हणजे टोक ओढलं की लगेच सुटते. वर बजावलं, "पोट तुडुंब असन नाहीतं नाक बंद असन, तं बांधू नका भाऊ. मंग दम कुठून घ्याल?" सकाळी घसा अजिबात कोरडा नव्हता. कित्येक वर्षांनी मेल्यासारखा झोपलो.

१९ डिसेंबर

कापसाच्या तुसाने नाक चोंदलंय, म्हणून काल पट्टी खुंटीला टांगून झोपलो. सकाळी ती माझ्या हनुवटीला होती. सवयीने झोपेत मीच बांधली असेल म्हणावं, तर गाठ कानाजवळ नव्हती. टाळूवर होती, आणि निरगाठ. शेवटी कात्रीने कापली. दाराची कडी आतून लावलेलीच होती.

२० डिसेंबर

पट्टी चुलीत घातली. भांडी घासायला येणाऱ्या कस्तुराबाईला सहज विचारलं, टाळूवर गाठ कोण मारतं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाली, तशी मेलेल्या माणसाची मारतात, तोंड उघडं राहू नये म्हणून. नाकात कापूसही घालतात.

मग तिने सगळंच सांगितलं. याच खोलीत गुलाबचंद एका सकाळी झोपेत गप्प झाले. पानाबाई जैन स्थानकात प्रवचनाला गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी ढोसून जागं केलं असतं. गुलाबचंदांचे धाकटे भाऊ चांदमल फार घाईचे. त्यांनी जबडा बांधला, नाकात कापूस भरला आणि भाऊबंदांना सांगायला निघून गेले. "बाई परत आली तवा मालकाची बोटं गाठीत अडकेल होती, साहेब." पुढच्याच वर्षी चांदमलही वारले. पण या खोलीत कोणी झोपेत गप्प झालं की ते अजून येतात, असं ती म्हणाली. मी भ्यालो आहे, उगाच कशाला लपवू?

२१ डिसेंबर

उद्या पहिल्या बसने घरी. नोकरी गेली खड्ड्यात. आज डोळा मिटायचा नाही. तरी पानाबाईंना सांगून ठेवलं — माझं घोरणं थांबलं तर दार वाजवा. त्या पदर तोंडाला लावून रडल्या.

२२ डिसेंबर

उजाडलंय. डुलकी लागली होती.

पट्टी परत. कोऱ्या मांजरपाटाची — गाठ टाळूवर. नाकात कापूस, थोडाच निघाला. आमच्या केंद्रावरचा नाही हा. पिंजलेला, स्वच्छ, लांब धाग्याचा — मी काय बघत बसलोय —

कात्री जागेवर नाही. दातांच्या फटीतून जेमतेम हवा. ओरडता येत नाही.

पानाबाई दार वाजवतायत. "भाऊ, बोला तं काही." कसं बोलू — कडीपर्यंत गेलो तर —

पाय उचलत नाहीत. मागून कोणीतरी हळू आवाजात त्यांना सांगतंय की सगळं आटोपलं, आता उशीर नको. आवाज खोलीतला आहे —

गाठ आणखी आवळली जातेय. माझे दोन्ही हात तर इथे, वहीवर —