कडेचा ठोका

भंडारा,
५ फेब्रुवारी २००६

ती. सरिताताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

पवनीच्या कार्यक्रमात रीनानं गाता गाता मागं वळून माझ्याकडं पाहिलं, त्या क्षणापासून माझं सगळं बदललं. त्याआधी मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला होतो. आता नाही.

मी कॉलेज सोडलं हे बाबांनी तुला कळवलंच असेल. काहून सोडलं ते लिहिलं नसेल, कारण त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. आनंदरावांच्या गायन पार्टीत रीना मुख्य गायिका आहे. पवनीला त्यांना वाजवणारा नव्हता, म्हणून मला उचलून नेलं. भाड्याचे इलेक्ट्रॉनिक पॅड होते. रबराच्या थाळ्या समज. त्यांना स्वतःचा आवाज नसतो, वायर एका डब्यात जाते आणि आवाज त्या डब्यातून निघतो. डब्याला मॉड्यूल म्हणतात. तिच्या संथ गाण्याला मी थाळीच्या मध्ये न मारता कडेवर काडीनं हलकं टिकटिक केलं, आणि ती वळली. ताई, तसं मला आजवर कोणी पाहिलं नाही.

आनंदराव म्हणाले, स्वतःचा सेट आण, एप्रिलमधले जयंतीचे सगळे कार्यक्रम तुझे. त्यांनी आधीच्या वाजवणाऱ्याकडून विकत घेतलेले पॅड पडून होते, ते मला दिले. डबा मात्र तो माणूस काही केल्या देत नाही म्हणे. मग मी सायकल विकून नागपुरातून दुसऱ्या कंपनीचा जुना डबा आणला. दुकानदार बोलला, पिन बसते ना, मग वाजलंच समजा. पिन बसली. मधला ठोका घुमतो. कडा मुकी! मी दुकानात जाऊन इतका भांडलो की शेजारचा चहावाला सोडवायला आला. कडा वाजली नाही तर ते गाणं नाही, आणि ते गाणं नाही तर मी तिथं कायले?

आईची कंबर बरी आहे. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, माझ्या ताटाशी बोलतात. राग आला तरी लोभ कमी करू नको.

तुझा,
धम्मदीप


एटापल्ली,
१८ फेब्रुवारी २००६

चि. धम्मदीप यास,
अ. आ. व जयभीम.

पत्र वाचून आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. उपकेंद्रातली आशाबाई विचारत होती, सिस्टर, घरी लग्न आहे की मयत? मी सांगितलं, दोन्हींच्या मधलं काहीतरी आहे.

अरे येड्या, सुई कोणाच्याही शिरेत जाते. म्हणून कोणाचंही रक्त कोणालाही चढवतात का? आधी गट पाहतात. तू पिन पाहिली आणि गट पाहिलाच नाही. त्या पॅडचा मूळ डबा जिथं आहे तिथं जाऊन विचार. भांडायला नको, विचारायला जा. तुले दोन्हीतला फरक लहानपणापासून कळत नाही.

आणि त्या पोरीनं तुझ्याकडं पाहिलं की त्या आवाजाकडं, हेही जमलं तर पाहून घे. बाबांना मी वेगळं लिहिते. कॉलेजचं नाव मात्र मी सोडलेलं नाही, लक्षात ठेव.

इकडं मोहाचा वास सुटला आहे, माणसं पहाटेच रानात जातात. आईला शेक दे. रागावर झाकण ठेव आणि माझ्यावर जीव.

तुझी,
ताई


भंडारा,
९ मार्च २००६

ती. ताईस,
स. जयभीम वि. वि.

गेलो होतो. साकोलीची एस.टी. धरली आणि एकोडीला उतरलो. त्या आधीच्या वाजवणाऱ्याचं नाव कैलाश. भांडायचंच ठरवून गेलो होतो, खोटं काहून लिहू? पण त्याच्या आईनं, कौशल्याबाईनं, आधी गुळाचा चहा हातात दिला आणि मग तो आतून आला. धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली आहेत. अंगठा तेवढा राहिला.

डबा फळीवर, धुतलेल्या दुपट्ट्याखाली. पॅड विकले, डबा काहून ठेवला, असं मी विचारलं. त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावला आणि डाव्या हातानं डब्याचं एक बटण दाबलं. टिक. पुन्हा दाबलं. टिक. कडेचाच ठोका, पण पावसात ओल्या लाकडावर बोट वाजवावं तसा. रीनाच्या संथ गाण्यासाठी त्यानं तो जुळवून जुळवून बनवला होता. रोज बसून तेवढंच बटण दाबतो, असं त्याची आई चुलीपुढून बोलली. तो तिच्यावर खेकसला.

अपघातानंतर रीना दोनदा एकोडीला आली होती. दोन्ही वेळा त्यानं आईच्या तोंडून, घरी नाही, असं सांगायला लावलं. वाजवता येत नाही तर तिच्या मागं बसून करू काय, म्हणाला. रीनाला वाटते, यानं सगळा सेट विकला आणि विसरला. तिच्या त्याच गाण्यासाठी पाहिजे म्हटल्यावर त्यानं डबा मला दिला. देताना तो दोनच गोष्टी बोलला. तो आवाज पुसू नको. आणि ती अजून गायच्या आधी बर्फाचा गोळा खाते का? खात असेल तर खाऊ देऊ नको, गळा बसतो.

घरी येऊन पिना लावल्या. गट जुळला, ताई. कडा बोलली. आणि पवनीला ती कोणासाठी वळली होती तेही मला कळलं. पुसायचं बटण याच डब्यावर आहे. मी त्यावर अंगठा ठेवून बसलो होतो. अजून दाबलं नाही, एवढंच लिहितो.

आईला शेक देऊन राहिलो. तुझी माया असू दे, सध्या तिचीच गरज आहे.

धम्मदीप


एटापल्ली,
२० मार्च २००६

चि. धम्मदीप यास,
अ. आ. व जयभीम.

तुझं पत्र खिशात घेऊन दोन गावं लसीकरण करून आली. सल्ला देत नाही. माझं पत्र पोचेपर्यंत तुझा राग तीनदा कपडे बदलतो.

एकच विचारते. तुझ्या हातून तिनं कैलाशले ऐकलेलं तुले चालते का? आणि चालत नसेल, तर त्याचा आवाज पुसून ती तुले ऐकेल, असं तुले खरंच वाटते का?

जेवत जा. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

ताई


भंडारा,
२ एप्रिल २००६

ती. ताईस,
स. जयभीम वि. वि.

काल आनंदरावांच्या ओसरीवर तालीम झाली. आधीच्या सगळ्या गाण्यांना मी माझे आवाज लावले. रीना खूश होती. मला म्हणाली, हात हळू चालव, पॅड आहे, म्हैस नाही. सगळे हसले, मीही हसलो. मग संथ गाणं आलं. मी कैलाशचा आवाज लावला.

ती दुसऱ्या ओळीवर थांबली. विसरली नव्हती, थांबली. हा आवाज कुठला, असं तिनं विचारलं. आनंदराव वर पाहून छपराचे कवेलू मोजायला लागले. मी म्हणालो, चहा आला. ती म्हणाली, उद्या घरी ये आणि सांग.

म्हणजे आज.

मीच बनवला म्हटलं तर मला खोटं पाडणारं कोणी नाही. कैलाश एकोडी सोडत नाही. आनंदरावांना कार्यक्रम पाहिजेत. ती पूर्ण एप्रिल माझ्याकडं वळून वळून गाईल. रात्रभर मी हेच मनात वाजवून पाहिलं आणि मला ते आवडलं, ताई. फार आवडलं. पण एक गोष्ट आडवी येऊन राहिली. तिकडं फळी आता रिकामी आहे. त्याच्याजवळ एक ठोका होता, तोही मी उचलून आणला.

म्हणून सांगतो. तो आवाज कोणाचा, बोटं कशी गेली, आणि घरी नाही असं सांगायला कोणी लावलं. ऐकून ती पहिल्या एस.टी.नं साकोलीकडं जाईल, मला माहीत आहे. जाऊ दे. पण पार्टीतली माझी बैठक मी सोडणार नाही. जयंतीचे कार्यक्रम माझे आहेत, त्यासाठी मी कॉलेज सोडलं. आणि त्याचं सांगून झालं की माझंही सांगणार. ती हसली तरी. रडली तरी. दोन्ही न सांगता राहिलं तर जन्मभर घशात अडकेल.

तुझ्याशिवाय हे कोणाला लिहू? माया तेवढी धरून ठेव.

तुझा,
धम्मदीप

ता. क. आई विचारते, उन्हाचा कुठं चालला. बाबांनी पहिल्यांदाच माझ्याकडं मान वर करून पाहिलं. पत्र टाकायला चाललो, असं सांगितलं. तेही खरंच आहे. चप्पल घातली, दार ओढून घेतो.