पेटीवरचं लुगडं

गडचिरोली,
१० फेब्रुवारी २०२५

ती. केसरबाईस,

गुणवंताचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे मी खुशाल आहे. खोली लहान आहे, पण विहार जवळ असल्याने संध्याकाळची वंदना चुकत नाही. तुमच्या पळसटोलीत फोनला रेंज मिळते ती तलावाच्या पाळीवर, आणि तिथून तू बोललेलं अर्धं वाराच ऐकतो. म्हणून पत्र बरं. बुधवारी जाफर बादल्या-टोपल्या घेऊन तुमच्या बाजाराला येतो, त्याच्या हाती देतो आहे.

राइस मिल बंद पडल्यावर या वयात मला कसली नोकरी लागली, असं तू विचारलंस. खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही कळलं नव्हतं. तुमच्या गावाच्या तोंडाशी खांबावर नवी पेटी बसली आहे ना, ती नागपूरच्या ज्या संस्थेची, तिथेच मी लागलो. कोणाला वाघ दिसला, हत्तींचा कळप दिसला, की त्या चित्राचं बटण दाबायचं. मग त्या गावाचा आणि शेजारच्या गावांचा भोंगा वाजतो, आणि जंगलात निघालेली माणसं मागे फिरतात. वर सोलरची प्लेट आहे, तिच्यावर सगळं चालतं. पेटी कशी हवी, कुठे अडतं, काय नको, हे वापरणाऱ्यांना विचारून लिहून द्यायचं, हे माझं काम. आमच्या दिव्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही बोलू नका, फक्त ऐका. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मार्चमध्ये माझा अहवाल जाईल. तो पटला तर अशा पेट्या आणखी चाळीस गावांत बसतील आणि मलाही कायम ठेवतील. म्हणून बायांना सांग, जे असेल ते खरं सांगा. मी येत्या रविवारी येतो. कोंबडी कापू नकोस. कापलीसच तर रस्सा पातळ ठेव.

भाऊजींना जयभीम. तुझी माया आहे तशीच राहो.

तुझा,
गुणवंत

*

पळसटोली,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. गुणवंतास,

अ. उ. आ. अन जयभीम. इकडे सारं ठीक.

तू येऊन गेला, बरं वाटलं. बायायच्या घोळक्यात कागद धरून बसला होता, तं शाळा तपासायले साहेब आला असंच वाटे. बाया म्हनत होत्या, भाऊ किती हळू बोलते. मी म्हनलं, लहानपणी आंब्यावरून पडला तईपासून तसाच आहे.

साऱ्यायनं तुले चांगलंच सांगतलं ना? बटणं चांगले, भोंगा चांगला, चित्र चांगले. तू सारखा इचारून राह्यला होता, काही वाईट असंल तं सांगा. मंग धाकल्या देराची बायको, माझी देराणी म्हनली का नाई, भाऊ एवढ्या दुरून येते अन पोटभर जेवत नाई, हेच वाईट. ते तू कागदावर लिहिलं का नाई?

पेटीची काळजी करू नको. तुह्या हातची वस्तू आहे, तिच्यावर मी धुळीचा कण बसू देत नाई. तुह्या माधवीच्या लग्नात तू मले नेसवलं ते जांभळं लुगडंई रोज डोळ्यापुढं असते. लय कामाचं निघालं बापा.

येजो तं आधी पत्र धाडून येजो, म्हंजे तयारी करता येते. अंगाले जप, अन बहिणीले इसरू नको.

तुही,
बाई

*

गडचिरोली,
१२ मार्च २०२५

ती. केसरबाईस,

सविनय जयभीम. वि. वि.

अहवाल गेला. आपल्या माणसाने स्वतःची स्तुती करू नये, म्हणून थोडीच करतो. सगळ्या गावांत पळसटोलीचा कागद सुंदर. एकही तक्रार नाही. मॅडमनी दोनदा विचारलं, काका, एकसुद्धा नाही? मी म्हटलं, मॅडम, ऐकणारा चांगला असला की लोक समाधानी होतात. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते संध्याकाळी पानठेल्यावरही म्हणून आलो. तिथे कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्यांदा आलो तेव्हा काढलेला पेटीचा फोटोही लावला आहे. इतर गावांच्या पेट्यांवर पाखरांची शिट आणि धूळ. तुमची जशी कालच खोक्यातून काढलेली. फोटोखाली मी लिहिलं, की लोकांनी पेटी आपलीशी केली आहे.

फक्त एक बारीकशी गोष्ट. इथल्या कॉम्प्युटरवर दिसतं की तुमच्या पेटीची बॅटरी बहुतेक दिवस उतरलेली असते. इंजिनिअरने कारण विचारलं तेव्हा मी ठासून सांगितलं, पळसाची सावली पडत असेल. ऐन मार्चात पळसाला पान नसतं हे मला नंतर आठवलं, पण तोवर त्यांनी लिहून घेतलं होतं.

चाळीस गावांचं बहुतेक ठरलं. माझंही. ३० तारखेच्या रविवारी पेढे घेऊन येतो.

लहान भावावरची मर्जी कमी होऊ देऊ नये.

तुझा,
गुणवंत

*

पळसटोली,
२६ मार्च २०२५

चि. गुणवंतास,

आशीर्वाद अन जयभीम.

पत्र भेटलं. तुह्यं कायमचं होऊन राह्यलं हे आयकून देराणीनं साऱ्या आळीत साखर वाटली. पण या रविवारी येऊ नको. विहिरीवर माहा पाय घसरला, जरासा मुरगळला. हळद लावून राह्यली आहो. बाकी काई नाई.

पेटी छान आहे. यंदा मोहफुलं बरी पडून राह्यली. मी वेचायले जात नाई, बाकीच्या जातात.

पेढे तिकडंच खा. जीव लावतो तसाच लावजो.

तुही,
बाई

*

आरमोरी,
३ एप्रिल २०२५

दोस्त गुणवंत,

जाफरचा सलाम. वि. वि.

तुम्हा भावाबहिणीची पत्रं मी नेतो-आणतो, उघडत कधी नाही. पण बाईने तुला काय लिहिलं असेल ते मला न उघडता कळतं. तिचा पाय विहिरीवर घसरला नाही.

मोह वेचायला बाया उजाडायच्या आधी निघतात, तुला माहीतच आहे. त्या दिवशी कळप बाजूच्या टोल्याच्या वस्तीला लागला होता. तिथल्या लोकांनी बटण दाबलं, त्यांचा भोंगा वाजला. पळसटोलीचा वाजला नाही. आपल्या बाया मोहाखाली पोचल्या तर समोर हत्ती. सगळ्या टोपल्या टाकून पळाल्या. केसरबाई नाल्यात पडली. पायाला पलस्तर आहे, मी डोळ्यांनी पाहिलं. बाकी सगळ्या सुखरूप आहेत, अल्लाचे उपकार. तुला सांगू नको म्हणून तिने मला कसम घातली. मी बोलणार नाही अशी कसम घेतली होती, लिहिणार नाही अशी नव्हे.

आता भोंगा का वाजला नाही ते ऐक, आणि खाली बसून ऐक. तुझी पेटी वरपासून खालपर्यंत जांभळ्या लुगड्यात गुंडाळलेली असते. सोलरची प्लेटसुद्धा. भावाची वस्तू उन्हाने उडून जाईल, दवाने खराब होईल, म्हणून. तुझं येण्याचं पत्र आलं की आदल्या दिवशी लुगडं सोडतात, पुसून घेतात, एक दिवसाचं ऊन मिळतं, तू येतोस, पेटी चालते, तू खूश होतोस. आणि यार, ती पत्रं पोचवतो कोण? मीच. म्हणजे या कटात मीही आलो.

मी बायांना म्हटलं, ती बटणं तरी जमतात का तुम्हाला? तर मलाच झापलं. म्हणाल्या, माहेरच्या माणसानं आणलेल्या वस्तूले नाव ठेवत नसते, तुले येवढं कळत नाई काऊन? तू नशीबवान आहेस. माझ्या बादलीला आजवर एका बाईने चांगली म्हटलेलं नाही. तळ पातळ आहे, दांडी कच्ची आहे, रंग भलता आहे, असं करून करूनच नेतात.

तुझी वहिनी शमसुन्निसा दुवा सांगते. दोस्ती राहू दे, माझ्यावर चिडला असशील तरी.

तुझा,
जाफर

*

गडचिरोली,
६ एप्रिल २०२५

प्रिय जाफर,

सप्रेम सलाम. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे खाली बसूनच वाचलं. लोकांनी पेटी आपलीशी केली, असं मी लिहिलं होतं. ते काही खोटं नव्हतं. फारच आपलीशी केली.

संध्याकाळी विहारात चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझी जीभ अडली. खोटं तर मी बोललो नव्हतो. कोणी खरं सांगू शकणार नाही अशी व्यवस्था करून, वर आधी पत्र पाठवून, रस्सा ओरपून आलो होतो, आणि त्याला ऐकणं म्हणत होतो. पळसाच्या सावलीचं काय, ते तर उघड्या डोळ्यांनी ठोकून दिलं होतं.

काल मॅडमना सगळं सांगितलं आणि अहवाल परत मागितला. माझं कायम होणं त्याच्यासोबतच परत गेलं असं समज. त्या पोरीने आवाज चढवला नाही. तिने एवढंच विचारलं, की काका, तुम्ही गेलात तर भाऊ, मी गेले तर पाहुणी. मग या बाया खरं सांगणार कोणाला? तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी म्हटलं, बादलीवाल्याला.

म्हणून एक जादा पेटी पाठवतो आहे. ओळखू येऊ नये म्हणून मीच तिला हिरवा रंग मारला. थोडा माझ्या सदऱ्यालाही लागला. बुधवारी बादल्यांच्या मधोमध ठेव आणि विकायला बस. विकू मात्र नकोस. जेवढी नावं ठेवतील तेवढी ऐकून घे, आणि शेवटी खरं काय ते सांगून टाक.

पण हे सगळं नंतर. मोह अजून गळतो आहे आणि बाया अंधारात निघतात. हे पत्र मिळताच पळसटोलीला जा आणि ते लुगडं सोडायला लाव. बाई रडली तरी सोडायला लाव. माझी नोकरी राहो न राहो, उद्या पुन्हा भोंगा मुका राहिला तर मी कोणत्या तोंडाने वंदनेला बसू?

चिडलो नाही. दोस्तीत तुझं देणं फार झालं आहे, फेडायची घाई करत नाही.

तुझा,
गुणवंत

*

पळसटोली,
१८ एप्रिल २०२५

गुणवंता,

आशीर्वाद देऊ का शिव्या देऊ, ते पत्र सरल्यावर ठरवीन.

लुगडं सोडलं. रडलीई. मंग मागल्या आठवड्यात बुधवारी बाजारात लंगडत लंगडत गेली, तं जाफरभाऊच्या बादल्यायमंदी एक हिरवी पेटी. आम्हाले वाटलं, कोण्या दुसऱ्यानं तुह्यावर चढाओढ करून आणली. मंग काय, साऱ्या तुटून पडलो. मी म्हनलं, हे कायची पेटी? हिचं झाकण एका हातानं धरा, दुसऱ्या हातानं बटण दाबा, मंग डोक्शावरची टोपली कोण धरंल, तुहा बाप? देराणी म्हनली, हत्तीचं चित्र रानडुकरासारखं दिसते, अंधारात तं दोन्ही सारखेच. तिची सून म्हनली, चुकून दाबलं तं परत कसं घ्याचं? पाच गावं पळतीन अन जलमभर मलेच हासतीन, मी तं हात लावणार नाई. कोणी म्हनली, हिले ऊन-पाण्यासाठी टोपी काऊन नाई? अन साऱ्यायनं मिळून सांगतलं का आमच्या भावाची पेटी पाहा म्हना, कशी आहे, अन ही पाहा.

जाफरभाऊ मान खाली घालून आयकून राह्यला होता. मंग म्हनला, बाई, हे तुमच्या भावाचीच आहे, रंग तेवढा हिरवा. लय लाज वाटली. घरी येऊन मी भाकर खाल्ली नाई. मंग इचार केला, आपण चांगलं चांगलं म्हनत बसलो म्हणून तं पोरी हत्तीपुढं गेल्या. लाज त्याची वाटाले पाह्यजे.

या मंगळवारी सकाळी भोंगा वाजला. कसा बोंबलते रे तो! वासरानं दावं तोडलं, सासऱ्यायच्या हातचा चहा सांडला. पण मोहाकडे निघालेल्या बाया पांदीच्या वाटेवरूनच परत फिरल्या. मी बाजेवर बसून एकेकीचं तोंड पाहत होती. साऱ्या आल्या. कळप नाल्याच्या पल्याडून निंघून गेला. तवा पह्यल्यांदा वाटलं, हे पेटी भावाची नोहे, आमची आहे. अन आमची आहे तं आता तिले नावंई ठेवता येते.

बोलाले लागलीच आहो तं सारंच सांगतो. तो जांभळा रंग मले कधीच आवडला नाई. नेसवत नोतं, म्हणून पेटीले नेसवलं.

हे सारं तुह्या मॅडमले दाखवजो. शिव्या नाई देत, आशीर्वादच देतो. पण हाताशी ठेवल्या आहे.

तुही,
बाई

*

गडचिरोली,
२४ एप्रिल २०२५

ती. केसरबाईस,

सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र जसंच्या तसं अहवालाला जोडलं. मॅडमनी ते ऑफिसात मोठ्याने वाचलं. लुगड्यापाशी सगळे हसले. मी सगळ्यांच्या नंतर हसलो, पण सगळ्यांत जास्त वेळ.

चाळीस गावांच्या पेट्या थांबल्या. झाकण जाणार, बटण कोपराने दाबलं तरी चालेल असं होणार, हत्तीला सोंड नीट फुटणार, आणि चुकून दाबलं तर परत घेण्याचं एक वेगळं बटण येणार. बटणांवर पत्र्याची टोपी बसेल. प्लेट उन्हातच राहील. मला तेंदूचा हंगाम संपेपर्यंत ठेवलं आहे. कायम हा शब्द कोणी काढला नाही, मीही काढला नाही. इतक्या वर्षांची ध्यानधारणा एवढ्यापुरती उपयोगी पडली.

पाय बरा झाला की तुला लुगडं घ्यायला आरमोरीला नेतो. रंग तू सांग, मी फक्त ऐकतो.

लवकरच येईन. कोणत्या दिवशी ते मुद्दाम लिहीत नाही. कोंबडीलाही कळवू नकोस.

लोभ असावा, वर लुगडं नसावं.

तुझा,
गुणवंत