परदेशी सापाचा डूख

६ जुलै
आले एकदाची! केडगावच्या दोन कोंदट खोल्यांतून थेट पारनेरकडच्या या ऐसपैस घरात. ग्रामपंचायत अधिकारी म्हणून माझी ही पहिलीच स्वतंत्र नेमणूक. यांची नोकरी पुण्याला, त्यामुळे इथे मी, दोन वर्षांची रेवा आणि आमचा कुत्रा लाडू. घर दगडी जोत्याचं, शहाबादी फरशीचं. जोत्याला घुशींनी भोकं पाडली आहेत. त्यांनी त्यांच्या वाटेनं जावं, आम्ही आमच्या. शेजारच्या केशरबाईंनी पहिल्याच संध्याकाळी बाजरीच्या भाकरी आणि ठेचा आणून दिला. मला गाव आवडलं.

११ जुलै
गावाचं कौतुक म्हणजे भागवतराव. कांद्याचे व्यापारी. रिकाम्या कांदाचाळीत त्यांनी दोन परदेशी अजगर पाळलेत, नर आणि मादी. बोटाएवढे होते तेव्हापासून वाढवलेले, आता मांडीएवढे जाड. मूलबाळ नाही, मादीला ‘बाय’ म्हणतात, पाठीवरून हात फिरवतात. ती फक्त त्यांच्याच हाताला येते म्हणे. पंचमीला बायका तिथेच दूध-लाह्या घेऊन जातात. नाग कुठला, अजगर कुठला, पण भक्तीला त्याचं काय! मला हसू आलं. चाळीच्या जाळीला मात्र साधं कुलूपसुद्धा नाही.

१६ जुलै
लाडू गेला. नर अजगर चाळीतून निसटला होता. केशरबाईंनी पाहिलं, पण त्या काठी घेऊन पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. भागवतराव रडवेले होऊन म्हणाले, “चुकलं बाई, दुसरं कुत्रं आनून देतो.” दुसरं! जणू कपबशी फुटली. रेवा दिवसभर दारात उभी राहून त्याला हाका मारत होती. या माणसाला मी सोडणार नाही.

२१ जुलै
विशेष ग्रामसभा झाली. सरपंच आसाराम म्हणत होते, बंदी नको, नियम करू. पक्का पिंजरा, कुलूप, नोंद, डॉक्टरांची तपासणी. “बंदी केली तर लोक गुपचूप वढ्याला सोडून देतील. मंग कुठं हुडकायचं?” शहाणं बोलणं होतं. मला शहाणं बोलणं नकोच होतं. पुण्याहून एका संस्थेची माणसं पंचमी झाली की जोडी न्यायला येणार, तेवढी मुदत भागवतराव मागत होते. मी लाडूची गोष्ट सांगून सभा पेटवली आणि ठराव माझ्या शब्दांत लिहिला: परदेशी प्राणी आजपासून गावात कोणी पाळू नये, खाऊ घालू नये, त्याला हातही लावू नये. ‘हातही’ लिहिताना त्यांच्याकडे बघून घेतलं. फार बरं वाटलं.

२२ जुलै
गावातल्या पोरांनी चाळीत घुसून नर ठेचला. मी रस्त्यावरून बघत होते, अडवलं नाही. भागवतराव त्याच्याशेजारी मातीत बसून होते. मादी निसटली. केशरबाई म्हणाल्या, “तिनं डूख धरला आसंल. लेकराला सांभाळा.” मी म्हटलं, परदेशी सापाला आपल्याकडचा डूख कोण शिकवणार?

२६ जुलै
फरशीखाली काहीतरी जड सरकतं. घुशी एकाएकी गप्प झाल्यात. रेवाला घेऊन केडगावला जाता येईल, पण मग भागवतराव हसतील. नाही जाणार.

२८ जुलै
जोत्याचं मोठं भोक घासून गुळगुळीत झालंय. सर्पमित्राला फोन केला. परवा येतो म्हणाला. मी कशाला थांबू? मजूर उद्याच बोलावलेत, फरशी उखडतील. सापडू दे — नराशेजारीच पुरते तिला.

२९ जुलै
मजूर आले नाहीत. आज नागपंचमी, आज जमीन खणायची नसते. तारीख मीच दिली होती — कशी विसरले? केशरबाईंना विनवलं. “आज कुदळ लावायची न्हाई बाई. उद्या.” बायका आल्या, भोकाशी दूध ओतून, लाह्या ठेवून गेल्या. माझ्या दाराशी!

दुपारी
मोरीजवळची फरशी उचलली गेली. मादी उंबऱ्याला आडवी पडलीय — मागचं दार नाही — रेवाला घेऊन स्वयंपाकाच्या ओट्यावर चढले. ओरडले. बायका दारापर्यंत येतात, हात जोडतात —

भागवतराव खिडकीशी. गजांबाहेर. म्हटलं, धरा तिला, तुमच्याच हाताला येते. शांतपणे म्हणाले, “हात लावायचा न्हाई. तुमीच लिव्हलंय.” पाया पडते म्हटलं. रेवाकडे बघा म्हटलं. म्हणाले, लेखी द्या, मग येतो.

हाताशी ही वहीच — मादीचं डोकं ओट्यावर टेकलं — रेवाचा पाय —

मी, सुकन्या, ग्रामपंचायत अधिकारी, लिहून देते की ठराव रद्द. भागवतरावांनी तिला हात लावावा. आत्ता. या क्ष—