परातीतले कण

ठाकुर्ली, गुरुवार

चिरंजीव समीक्षा हिला गणूकाकाचे पोटभर आशीर्वाद. तिकडच्या थंडीत तब्येत कशी आहे? कानटोपी घालतेस ना? (मोठी शास्त्रज्ञ झालीस म्हणून कानात वारा शिरायचा राहत नाही.) इकडे सगळं खुशाल आहे, माझी अब्रू सोडून. तिचं काय झालं तेच सांगायला बसलोय. मी कागदावर लिहितो आणि शालनकाकी त्याचा फोटो काढून पाठवते, कारण मी टाइप करायला लागलो की फोन स्वतःच्या मनाचं लिहितो.

कणांना वेग देणाऱ्या यंत्रावरच्या कामासाठी तुला एवढं मोठं पारितोषिक मिळालं, हे कळल्यावर मी आख्ख्या आळीत पेढे वाटले. लोक विचारायचे, पोरीनं केलं तरी काय? मी म्हणायचो, ते तुम्हाला नाही कळायचं. (मलाही कळलं नव्हतं, पण तसं कुणी विचारलं नाही.) चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. त्यावर तुझा फोटो पासपोर्टएवढा आणि माझा, हात जोडलेला, पार कमरेपर्यंत. फ्लेक्सवाल्याला दोष द्यावा तर त्याच्या बाजूला उभा राहून "अजून थोडा मोठा कर" असं मीच सांगत होतो.

मग सोसायटीने तुझा सत्कार ठरवला. तू तिकडे, म्हणून शाल-श्रीफळ मी घ्यायचं. कार्यक्रम ठेवला सत्यनारायणाच्या पूजेत, आरती आणि प्रसाद यांच्या मधे, म्हणजे कुणी उठून जाणार नाही. शाल खांद्यावर पडली आणि खरं सांगतो, जिची शाल ती पोरगी इथे नाही आणि हा म्हातारा मिरवतोय, असं वाटलं. तेव्हाच नमस्कार करून खाली बसलो असतो तर घराण्याची लाज राहिली असती, पण हातात माईक आला होता. तुझं काम म्हणजे गरागरा फिरणाऱ्या कणांचा झोत विस्कटू द्यायचा नाही, एवढं तुझ्या आईने मला सांगितलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी प्रात्यक्षिक बसवलं होतं. शालनची पीठ मळायची परात, तिच्यात सुके वाटाणे, आणि दोन्ही हातांनी परात गोल गोल फिरवायची. (घरी जमलं होतं. घरी वाटाणे थोडे होते.) सुरुवातीला झोत छान फिरला, टाळ्या पडल्या, आणि टाळ्या ऐकून मी वेग वाढवला. परात रिकामी झाली. वाटाणे भटजींच्या अंगावर, समईत आणि पुढच्या रांगांत.

पूजेच्या ठिकाणी अंगावर काही पडलं तर आपली माणसं काय करणार? शेजारच्या भीमाबाईने एक वाटाणा उचलला, डोळ्यांना लावला आणि तोंडात टाकला. तिचं बघून सगळी रांग ओंजळी पुढे करून बसली. कच्च्या वाटाण्यावर भीमाबाईची कवळी सरकली. ती सावरत म्हणाली, "गणू, पोरीनं नाव काढलं रं, पन परसाद उकडून आनाचा व्हता!"

तेवढ्यावर निभावलं असतं. पण पाहुण्यांत नौपाड्याचे एक निवृत्त प्राध्यापक होते. ते उठून म्हणाले की पुतणीने काय साधलंय हे इतकं स्पष्ट त्यांना कुणीच दाखवलं नव्हतं, कारण तिचं काम नसतं तर झोताचं नेमकं हेच झालं असतं. आणि त्यांनी मला दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या विज्ञान मंडळात तासभर बोलायला बोलावलं. समोर सगळे भौतिकशास्त्राचे जुने शिक्षक! नाही म्हणायला मी तोंड उघडलं, त्यातून "अवश्य" बाहेर पडलं. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. (शालन म्हणते, लागतं.) आता काकाची लाज तुझ्या हातात आहे.

जिवाला जप. वेळेवर जेव.

तुझा,
गणूकाका

ता.क. तुझं काम मराठीत, गणित वगळून, एका पानात लिहून पाठव. कुणी प्रश्न विचारला तर कुठे बघून हसायचं तेही लिही.

ता.क. आणखी एक. पान राहू दे. ते वाचून मला काही कळणार नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तुझी आई तुझा फोन ठेवला की तुझी गादी पुन्हा झटकून घालते, ते कशासाठी हे मात्र मला नीट कळतं. मंडळाची निमंत्रणपत्रिका आजच छापून आली. प्रमुख वक्ते : श्री. गणू भोईर. त्यांच्या सहायक : कु. समीक्षा भोईर. मजकूर मीच दिला होता. राग आला असेल तर फोनवर भांडू नकोस, इथे येऊन भांड.